मोजलं की वाढतं

हात मिळवला की ते लगेच सोडत नसत. तुमचा हात त्यांच्या उजव्या हातात, त्यावर त्यांचा डावा हात, आणि चेहऱ्यावर काहीतरी आठवत असल्यासारखा भाव. नवा माणूस भारावून जायचा. मीही भारावले होते. नागपूरहून नुकतीच दिल्लीला आलेली, ओळखीचं कुणी नाही, थंडीने ओठ फुटलेले, आणि पहिल्याच दिवशी एक मराठी साहेब एवढ्या मायेने हात धरतात म्हटल्यावर डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "पाचही आहेत. छान. बसा."

माणूस जरा सटकलेला आहे, असं माझं पहिलं मत झालं. तुमचंही तेच झालं असतं.

पुढे कळलं, ही खोड कारखान्यांत हिंडून लागलेली. "नमस्कारात माणूस बोटं लपवतो मॅडम," ते म्हणाले. "एकावर एक हात ठेवला की झालं. खिशात घालतो, गमछ्यात गुंडाळतो. हात हातात घेतला की मग कळतं." आणि अशी कारखान्यातली खोड ते ऑफिसातल्या टायपिस्टपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांवर चालवायचे.

आमचं ऑफिस आर. के. पुरममध्ये होतं, सरकारी पिवळ्या रंगाचं. मेट्रो तेव्हा आलेली नव्हती. काम मात्र ऐकायला भारी. परदेशातलं एक मोठं कार्यालय दरवर्षी सगळ्या देशांना विचारायचं, तुमच्याकडे कामावर किती माणसं मेली, किती जायबंदी झाली, दर लाख कामगारांमागे सांगा. मग सगळ्यांची उत्तरं एका जाड पुस्तकात शेजारी शेजारी छापायची. आपल्या देशाची ओळ भरायचं काम सरांकडे, आणि त्यांच्या हाताखाली मी.

पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं तेव्हा मी हरखूनच गेले. जिथे शिडीवर चढायचं तरी डोक्याला टोप आणि कमरेला दोर लागतो, ते देश वर, आणि आपण कुठल्या कुठे खाली. म्हटलं, "सर, आपण एवढे सुरक्षित?"

"खिडकीतून बघा जरा."

समोर नव्या ब्लॉकचं बांधकाम चाललं होतं. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बांबूच्या परांचीवर, एक जण हवाई चप्पल घालून विटा झेलत होता.

"हा पडला तर आपण कुठे लिहिणार?" सरांनी विचारलं.

मी टेबलावरच्या फायलींकडे पाहिलं.

"कुठेच नाही. म्हणून आपण खाली." मग त्यांनी समजावून सांगितलं. तिकडे ओझं उचलताना पाठीत लचक भरली आणि माणूस घरी बसला तरी ते कागदावर येतं, कारण कागदावर आलं की त्याला भरपाई मिळते. इकडे कागदावर आलं की मालकामागे शुक्लकाष्ठ लागतं, म्हणून बोट तुटलं तरी गल्लीतला डॉक्टर टाके घालतो आणि बोंब होत नाही. "जो नीट मोजतो तो धोकादायक दिसतो, आणि ज्याने डोळे मिटले तो सुरक्षित. मोजलं की वाढतं, मॅडम." हे त्यांचं पालुपद. दिवसातून एकदा तरी यायचंच. माझ्या वजनाबद्दलसुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं.

दुसरा धडा त्यांनी मला अगदी पहिल्या आठवड्यात दिला. ज्या जिल्ह्यातून माहिती आलीच नाही, तिथे टायपिस्ट 'माहिती उपलब्ध नाही' लिहायचा आणि बेरीज करताना ती जागा सोडून पुढे जायचा. म्हणजे तिथे एकही अपघात नाही असं धरायचं. बरं, त्या जिल्ह्यातले कामगार मात्र दुसऱ्या खात्याकडून मोजून आलेले असायचे, ते बेरजेत जायचेच. माणसं धरली, त्यांचे अपघात सोडले. दर खाली येणार नाही तर काय होणार? "रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे," सर टेबलावर बोट आपटून सांगायचे. टायपिस्ट मान डोलवायचा आणि पुन्हा तसंच करायचा.

दरवर्षी ओळ पाठवताना सर तिच्याखाली एक टीप लिहायचे की ही माहिती अपुरी आहे, इतर देशांशी तुलना करताना जपून करावी. दरवर्षी ती टीप वर जाऊन कापली जायची. पुस्तक छापून यायचं, आपण खाली दिसायचो, आणि डायरेक्टरसाहेब खूश होऊन बंगाली मार्केटची बर्फी मागवायचे. डबा सरांसमोर आला की सर हात आडवा धरायचे. "शुगर है मुझे।"

मला वाईट वाटायचं. मग एका रविवारी त्यांच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये जेवायला गेले. वहिनींनी श्रीखंड केलं होतं, आणि सरांनी तीन वाट्या रिचवल्या. मी घाबरून वहिनींकडे पाहिलं. "अहो, त्यांची शुगर..."

"कसली शुगर?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांना? काही नाही गं बाई. दगड पचवतील."

सर खाली मान घालून वाटी चाटत होते.

वहिनी मोठ्या गमतीच्या. लग्नात ह्यांनी आपला हात हातात घेतला तेव्हा आपण लाजलो होतो आणि हे मोजत होते, अशी त्यांची तक्रार. मुलगा दिल्लीत वाढलेला, त्याला 'परांची' म्हणजे काय ते ठाऊक नाही, 'करंगळी' म्हणजे काय तेही आठवत नाही. सर त्याचं बोट धरून म्हणायचे, "ही. ही गेली तरी कुणी लिहीत नाही." मुलगा म्हणायचा, "पपा, चलो यार, खाना ठंडा हो रहा है।"

त्या टेबलावरून उठवा, असा अर्ज सरांनी कितीदा केला असेल. बदली द्या, दुसरा विभाग द्या, काहीही द्या. उत्तर ठरलेलं, तुमच्या जागी माणूस उपलब्ध नाही. ते हसायचे. पण संध्याकाळी स्वतःच्या सहीकडे बराच वेळ बघत बसायचे. मला त्या वयात ते कंटाळलेले वाटत. कंटाळा नव्हता तो. जे खरं नाही हे आपल्याला सगळ्यांत जास्त माहीत आहे, त्याखाली आपणच दरवर्षी सही करायची, आणि सुटकेचं दार नाही. मला आज त्याचा जीव घुसमटवणारा अर्थ कळतो.

एका वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की सगळा देश राहू दे, एक जागा तरी पुरती मोजू. एक जागा खरी निघाली की बाकीचं किती खोटं आहे ते आपोआप दिसेल. त्यांनी पानिपत निवडलं.

"सर, पानिपत?" मी म्हटलं. "आपल्या लोकांना मानवत नाही हो ते."

"तेव्हा किती पडले त्याचाही धड आकडा कुणाकडे नाही," सर म्हणाले आणि फाइल उचलून निघाले.

निवडायला कारण होतं. तिथला कारखाना निरीक्षक एक तरुण हरियाणवी मुलगा होता, आडदांड, लाजरा, नुकतंच लग्न झालेला. दिल्लीत एका बैठकीत सरांनी त्याचा हात धरला तेव्हा त्याने विचारलं होतं, "सर जी, गिन रहे हो क्या?" इतक्या वर्षांत हे ओळखणारा पहिला माणूस. सर त्याच्यावर लट्टूच झाले.

त्या मुलाने आम्हाला गिरण्या दाखवल्या. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे यंत्रात फाडून त्यांचा पुन्हा धागा करतात, त्याच्या चादरी आणि ब्लँकेटं होतात. हवेत इतके लोकरीचे तंतू की दहा मिनिटांत आपल्या भुवया पांढऱ्या होतात. एका फाडणी यंत्रापाशी रामफल नावाचा कामगार उभा होता. उजव्या हाताला गमछा गुंडाळलेला. सरांनी हात पुढे केला, त्याने डावा दिला.

"दूसरा," सर म्हणाले.

रामफलने मालकाच्या माणसाकडे पाहिलं, मग निरीक्षकाकडे. निरीक्षकाने मान हलवली. गमछा सुटला. पट्टी अजून ताजी होती. मधली दोन बोटं नव्हती. सरांनी तो हात दोन्ही हातांत धरला, अगदी हलका, आणि बराच वेळ सोडला नाही. मला तिकडे बघवेना म्हणून मी यंत्राकडे बघत राहिले, तर तेही बघवेना.

"लिखो," सरांनी निरीक्षकाला सांगितलं. मग रामफलला म्हणाले, "तेरी उँगलियाँ दिल्ली जाएँगी, भाई। वहाँ से विलायत। किताब में छपेंगी।"

भोवतीचे कामगार हसले. रामफलही हसला. "फोटू भी छपेगी, साहब?"

"फोटो नहीं। सिर्फ़ गिनती।"

"चलो, गिनती ही सही।"

परतीच्या बसमध्ये सर इतके खुशीत होते की त्यांनी वाटेत मुरथलच्या ढाब्यावर मला पराठे खाऊ घातले, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. शुगर तेव्हाही नव्हती.

त्या मुलाने वर्षभर खरोखर जीव तोडून काम केलं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेला, दवाखान्यांत गेला, कामगारांच्या खोल्यांवर गेला. जे घडलं ते सगळं लिहिलं. त्याची माहिती आमच्याकडे आली आणि मी बेरीज केली तेव्हा मी स्वतः दोनदा तपासली. पानिपत एकटं आभाळाला भिडलं होतं. आसपासचे जिल्हे, जिथे तेच उद्योग आणि तीच यंत्रं, ते जमिनीलगत. सर खुर्चीतून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. "बघितलंत? मोजलं की वाढतं." इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा एक खरा आकडा आला होता.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सरकारी ऑफिसात काम केलेल्या कुणाच्याही लक्षात येईल. सरांच्या मात्र आलं नव्हतं, आणि याचाच मला राग येतो. एवढा हुशार माणूस.

आकड्यांचा कच्चा तक्ता वर गेला आणि वरून हरियाणा सरकारकडे विचारणा गेली की या निरीक्षकाच्या काळात अपघात एवढे का वाढले? अपघात रोखण्यात अपयश, असा ठपका ठेवून त्या मुलाला नोटीस मिळाली. निलंबनाची भाषा सुरू झाली. ज्यांनी वर्षभर एक ओळ लिहिली नव्हती, त्या शेजारच्या निरीक्षकांना कुणी काही विचारलं नाही. त्यांचे जिल्हे सुरक्षित होते ना.

सरांनी टिपण लिहिलं की अपघात वाढलेले नाहीत, मोजणी वाढली आहे. मग दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. स्वतः या खोलीतून त्या खोलीत गेले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. शेवटी डायरेक्टरसाहेबांनी त्यांना बसवून घेतलं. मी तक्ता घेऊन बाजूला उभी होते. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "आप बिल्कुल सही कह रहे हैं। लेकिन यह आँकड़ा छपा, तो लड़का गया। निकाल दीजिए, तो बात यहीं ख़त्म। मैं कुछ नहीं कहूँगा, आप तय कीजिए।"

"बाकीच्या जिल्ह्यांचंही असंच मोजून आणलं तर?" सरांनी बाहेर आल्यावर मला विचारलं. "मग हा एकटा उठून दिसणार नाही."

"सर, कोण आणणार? ह्याची गत बघून?"

दुपारी त्या मुलाचा फोन आला. आकडा काढा, असं तो म्हणाला नाही. मी समोर बसले होते, मला त्याचा आवाज ऐकू येत होता. एवढंच म्हणाला, "सर जी, मैंने ग़लत तो नहीं लिखा ना?" मग बायकोला दिवस गेलेत आणि घरात कमावणारा आपण एकटाच, तेही त्याने सांगितलं, पण ओशाळून, सांगायला नको होतं अशा सुरात.

"नहीं बेटा," सर म्हणाले. "बिल्कुल ग़लत नहीं लिखा।"

त्यांचा डबा तसाच पडला होता. वहिनींनी भरल्या वांग्यांची भाजी दिली होती, त्यांच्या आवडीची. बऱ्याच वेळाने त्यांनी तो तक्ता ओढून घेतला. टायपिस्टला बोलावलं नाही. स्वतःच्या पेनाने पानिपतचे आकडे खोडले आणि शेजारी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.' मग पेनाला टोपण लावून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला रडू फुटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या वर्षीच्या पुस्तकात आपला दर कधी नव्हता इतका खाली आला. येणारच. पानिपतचे कामगार बेरजेत राहिले आणि पानिपतचा एकही अपघात राहिला नाही, आधी जे चार लिहिले जायचे तेसुद्धा नाहीत. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. बर्फी आली. सर म्हणाले, "शुगर है मुझे।"

मुलाची नोटीस मागे घेतली गेली. तो स्वतः आला भेटायला, काखेत ब्लँकेट. गिरणीतलं नव्हे, दुकानातून पैसे देऊन घेतलेलं, पावतीसकट. सरांच्या पाया पडला. "आपने बचा लिया, सर जी।" सरांनी त्याला उठवलं, बायकोची चौकशी केली, चहा मागवला. तो गेल्यावर ब्लँकेट न उघडता कपाटात ठेवलं. दिल्लीची ती थंडी कडाक्याची होती, हीटर दोनदा बिघडला, पण ते ब्लँकेट काही बाहेर आलं नाही.

नंतर एक दिवस म्हणाले, "रामफलला सांगून यायला हवं. मी त्याला शब्द दिला होता." मी त्यांच्याबरोबर गेले. खरं तर अडवायला गेले होते. म्हटलं, कशाला त्या माणसाच्या जिवाला घोर.

रामफल आता फाटकावर होता, रखवालदार. फाडणी यंत्रावर तीन बोटांचा माणूस चालत नाही. आम्हाला पाहून धावतच आला आणि स्वतःहून उजवा हात पुढे केला, न लाजता. "साहब, पहुँच गई मेरी उँगलियाँ?"

सर त्याच्या हाताकडे बघत राहिले. सांगायचं म्हणून ते एवढ्या लांब आले होते. ओठ हलले. मग म्हणाले, "पहुँच गईं।"

"विलायत?"

"विलायत।"

रामफलने मागे वळून आतल्या लोकांना हाक मारली, मैंने कहा था ना, किताब में आ गया. चार-पाच जण बाहेर आले. चहा मागवला गेला. सरांनी बसून तो चहा पूर्ण प्यायला, सगळ्यांशी बोलले, हसलेसुद्धा. त्याआधी त्यांच्या तोंडून मी एकच खोटं ऐकलं होतं, ते शुगरचं.

बस सोनिपतच्या पुढे गेली तेव्हा सरांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "आजवर कागदावर खोटं देत होतो मॅडम. आज तोंडाने दिलं."

"सर, तो मुलगा वाचला ना पण."

"वाचला. आता तो कधी काही लिहिणार नाही." आणि खरंच, पुढच्या वर्षीपासून पानिपतहून जेमतेम चार ओळी येऊ लागल्या, शेजारच्यांसारख्याच.

त्या दिवसानंतर सरांनी हात मिळवणं सोडलं. कुणीही येऊ दे, लांबूनच नमस्कार. ऑफिसात कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. "अगं, ह्यांना काय झालंय?" त्यांनी मला विचारलं. "हल्ली माझाही हात धरत नाहीत."

निवृत्तीच्या दिवशी नेहमीप्रमाणे हार, शाल, समोसे झाले. टेबलावरून उठायची इतक्या वर्षांची इच्छा अशी पुरी झाली, वयाने. खाली गाडी उभी होती. लोक हात पुढे करत होते आणि सर प्रत्येकाला नमस्कार करत पुढे सरकत होते. माझी पाळी आली. मी हात पुढे केला आणि मागे घेतलाच नाही. मी तशी हट्टीच. म्हटलं, "सर, पाचही आहेत. बघून घ्या."

ते थांबले. मग त्यांचे जोडलेले हात सुटले आणि त्यांनी माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा, दोन्ही हातांत. मोजला नाही. नुसता धरला. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी धरून होते. मग म्हणाले, "हे टेबल घेऊ नका मॅडम. काहीतरी कारण सांगा आणि सुटा."

ते दोघं पुण्याला गेले. चार वर्षांनी वहिनींचा फोन आला की गेले, झोपेतच, काही त्रास झाला नाही. मला जाता आलं नाही. ती ओळ पाठवायचे दिवस होते, आणि माझ्या जागी माणूस उपलब्ध नव्हता.

हो, टेबल माझ्याकडेच आलं. कपाटही आलं, आत ते ब्लँकेट, पावतीसकट, तसंच घडी घातलेलं. टीप मीही दरवर्षी लिहिते, त्यांच्याच शब्दांत, आणि ती दरवर्षी कापली जाते. पुस्तक येतं, आपण खाली असतो, सगळे खूश होतात. मग बर्फीचा डबा फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो, आणि मी हात आडवा धरून सांगते, मला शुगर आहे.